लाल अळीवरून जुंपलेला वाद

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांमध्ये अजून काही बावखलं शिल्लक आहेत. केळी, पानवेली आणि फुलझाडांना गोडं पाणी मिळावं म्हणून जुन्या माणसांनी खणलेली ही तळी. बरीचशी बुजली, काहींवर जलपर्णी माजली. जी उरली आहेत त्यांच्या तळचा गाळ परातीत पसरला की लालभडक, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळताना दिसतात. वसई पूर्वेच्या कारखान्यांकडून येणाऱ्या नाल्याच्या गाळातही अशाच लाल अळ्या निघतात. या दोन्ही अळ्या एकाच कीटकाच्या की निराळ्या, यावरून आमच्या शेजारच्या घरात वाद आहे. काका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, किड्यांच्या स्लाइडी जपणारे. पुतणी गुणसूत्रांवर संशोधन करणारी. मी नुसता ऐकायला होतो. मध्ये मला जे सुचलं ते कंसात टाकलं आहे.

काका: आधी सोसायटीवाल्यांची समजूत काढू, मग आपण भांडू. पावसाळा सरला की ट्यूबलाइटखाली यांचा खच पडतो आणि लगेच महापालिकेला फोन जातो, डास झालेत, धूर मारा. अरे, डासाला रक्त ओढायची सोंड असते, याला नाही. डास बसला की मागचे पाय वर धरतो, हा पुढचे धरतो. डासाच्या पंखांवर खवले असतात, याच्या नाहीत. डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला लटकून श्वास घेते, ही तळाशी गाळाची नळी करून राहते. मनात आणलं तरी चावता येणार नाही बिचाऱ्याला.

पुतणी: इथवर भांडण नाहीच, काका. रक्तात हिमोग्लोबिन आहे म्हणून अळी लाल. प्राणवायू कमी असलेल्या गाळात त्याच्यावरच तिचं भागतं. आठव्या पोटखंडाखाली लोंबणाऱ्या नळ्यांच्या दोन जोड्या. म्हणजे ही कायरोनोमस, हे मीही बाहेरूनच बघून सांगते. प्रश्न पुढचा आहे. कायरोनोमसमधली कुठली जात?

काका: ती अंगावरच लिहिलेली असते, वाचता आली पाहिजे. ये, भिंगातून बघ. हा नर. कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आतला मऊ भाग घालवलाय, उरलंय ते नुसतं कवच. पोटाच्या टोकाला बाहेरून दोन चिमटे दिसतात, मध्ये निमुळता काटा. काट्याच्या दोन्ही अंगांना आकडे आहेत बघ, वरचा चोचीसारखा वळलेला, खालचा केसाळ. त्या वरच्या आकड्याचं वळण किती, टोक बोथट की अणकुचीदार, एवढ्यावर दोन जाती वेगळ्या काढता येतात. मग मिशी. अकरा सांधे, शेवटचा सगळ्यांत लांब. त्याच्या लांबीला आधीच्या दहांच्या एकूण लांबीनं भागायचं. मग पुढचा पाय. पावलाचा पहिला सांधा नडगीपेक्षा किती पट लांब, ते काढायचं. ही मापं कागदावर उतरवली की अर्धं काम झालं.

पुतणी: आणि मादी असली तर?

काका: मादी जरा कठीण जाते.

पुतणी: म्हणजे अर्धी वस्ती आधीच बाद. बरं, गाळात सापडते ती अळी. तिला ना आकडे, ना चिमटे.

काका: तिला मेंटम आहे की! डोक्याच्या खालच्या बाजूला दातेरी पट्टी. मधला दात तीन टोकांचा, दोन्हीकडे उतरत गेलेले दात. त्याच्या बाजूला पंख्यासारख्या, बारीक रेघांच्या दोन पट्ट्या. जबड्याचे दात, मिशीच्या सांध्यांचं प्रमाण. शिवाय मी अळ्या एकेकट्या छोट्या बाटल्यांत वाढवतो. तोंडाला कापूस. किडा उडाला की पाण्यात अळीची कात आणि कोषाची कात राहते. ती उचलायची आणि त्याच किड्याच्या शेजारी स्लाइडवर बसवायची. तिन्ही अवस्था एकाच प्राण्याच्या. यात शंकेला जागा कुठे आहे?

पुतणी: नाल्याच्या अळ्यांचे दात तुम्ही बघितलेत ना परवा? मधला दात फुटका, एका बाजूला दोन दात एकमेकांत मिसळलेले. जड धातू आणि रसायनं असलेल्या गाळात वाढलेल्या अळ्यांचे मेंटम असे वाकडे होतात, हे जगभर पाहिलं गेलंय. प्रदूषण मोजायला लोक तेच वापरतात. रेतीत चरणाऱ्या अळीचे दात नुसते झिजूनही बोथट होतात. उन्हाळ्यातला किडा आकारानं लहान, थंडीतला मोठा. खारेपण वाढलं की पाण्यातल्या कित्येक अळ्यांच्या गुदद्वाराजवळच्या नळ्यांची लांबी बदलते. आपल्याकडे तर एका टोकाला बावखल आणि दुसऱ्या टोकाला मिठागर! तुम्ही जात मोजताय की पाणी मोजताय, हे कसं कळायचं?

(इथे काकांनी चष्मा काढून पुसला. माझ्या मते हा मुद्दा त्यांना लागला. पण ते हार मानणाऱ्यातले नाहीत.)

काका: म्हणून तर एका अळीवर मी काही बोलत नाही. वीस-पंचवीस बघतो. वाकडे दात वेगळे काढतो. राजेळी आणि बसराई केळी ओळखायला तुझ्या आजोबांना कधी गुणसूत्रं लागली होती का? घड लांबून बघायचे आणि सांगायचे.

पुतणी: काका, उदाहरण चुकीचं काढलंत. केळीत तर गुणसूत्रंच मोजतात. वेलचीत गुणसूत्रांचे दोन संच, बसराई आणि राजेळीत तीन-तीन. आणि त्यातही बसराईचे तिन्ही संच एकाच रानकेळीकडून आलेले, राजेळीत दोन एकीचे आणि एक दुसरीचा. सुकेळी कुठल्या केळीची होतात ते आजोबांना ठाऊक होतं. ती तशी का होतात, याचं मूळ या संचांत आहे.

काका: सुकेळी मात्र आजोबाच करायचे, संच करत नव्हते. चल, दाखव तुझी जादू.

(जादू खरोखर बघण्यासारखी होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तिनं अळ्यांतून एक निवडली, छातीचा भाग फुगलेली, म्हणजे चौथ्या अवस्थेतली, आता कोषात जाईल अशी. काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवून एक सुई डोक्याला लावली, दुसरी छातीमागे, आणि हलकेच ओढलं. डोक्यामागून दोन पारदर्शक, चपट्या पिशव्या बाहेर आल्या. त्या लाळग्रंथी. पेशी इतक्या मोठ्या की साध्या भिंगाखाली एकेक मोजता येते. अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात त्या पांढुरक्या पडल्या. मग ॲसिटो-ऑर्सिनच्या जांभळट थेंबात दहा-पंधरा मिनिटं. मग वर कव्हरस्लिप, तिच्यावर टिपकागद आणि त्याच्यावर अंगठा. अंगठा सरळ खाली दाबायचा. किंचित जरी सरकला तरी गुणसूत्रं एकमेकांत गुंततात. पहिली स्लाइड तशीच गेली. दुसरीत चार गुणसूत्रं सुटी पडली, तीन लांब आणि एक आखूड, सगळ्यांवर आडवे काळे-फिके पट्टे. आखूड गुणसूत्रावर मध्येच फुगलेले झालरदार भाग होते.)

पुतणी: साधं गुणसूत्र बघायला पेशी विभागत असताना धरावी लागते. इथे तसं नाही. लाळग्रंथीची पेशी विभागतच नाही, पण आतलं डीएनए पुन्हा पुन्हा दुप्पट होत राहतं आणि हजारो धागे एकमेकांना चिकटून राहतात. जोडीतली दोन गुणसूत्रंही एकमेकांना लगटलेली, म्हणून आठांऐवजी चारच दिसतात. हे फुगलेले भाग म्हणजे बाल्बियानीची वलयं. अळी जी नळी विणते तिच्या रेशमाची प्रथिनं या जनुकांवरून बनतात. बाल्बियानीनं १८८१ मध्ये कायरोनोमसच्या लाळग्रंथीतच हे सगळं पाहिलं होतं, पण ही गुणसूत्रंच आहेत हे नीट उमगायला १९३३ उजाडलं.

(पॅरिसमध्ये बाल्बियानी या ग्रंथी बघत होता त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, आमच्या नालासोपाऱ्यात भगवानलाल इंद्रजी बुरूड राजाचा कोट खणून अशोकाच्या काळाशी जोडलेला स्तूप उजेडात आणत होते. दोन्हींचा संबंध काही नाही. पण तारखा अशा शेजारी येऊन बसल्या की मला बरं वाटतं.)

काका: चित्र सुंदर आहे, मान्य. यात जात कुठे दिसते?

पुतणी: पट्ट्यांच्या क्रमात. जर्मनीतल्या काइलनं १९६२ मध्ये कायरोनोमसच्या गुणसूत्रांचे पट्टे क्रमांक देऊन मांडले, तीच पद्धत आजही चालते. सात भुजा, ए पासून जी पर्यंत. काही जातींत त्या एबी, सीडी, ईएफ आणि एकटी जी अशा जोडलेल्या असतात, काहींत एई, बीएफ, सीडी आणि जी. म्हणजे आधी भुजा कशा जोडल्यात ते बघायचं, मग एकेका भुजेत पट्टे कुठे उलटे फिरलेत ते. युरोपातल्या प्लुमोसस गटात कितीतरी जाती अशा आहेत की प्रौढ किडे शेजारी ठेवले तरी भलेभले चाचपडतात. गुणसूत्रं काढली की अळी बोलायला लागते.

काका: आणि तुझं प्रदूषण? माझ्या दातांना वाकवतं ते तुझ्या पट्ट्यांना सोडतं होय? बल्गेरियाच्या पारास्केवा मिखाइलोव्हा यांचे शोधनिबंध मीही वाचलेत. जड धातूंच्या गाळात बाल्बियानीची वलयं आक्रसतात, गुणसूत्रांत मोडतोड दिसते.

पुतणी: दिसते. पण वलय आक्रसलं म्हणून आजूबाजूच्या पट्ट्यांचा क्रम बदलत नाही. मोडतोड होते ती एखाद्या पेशीत, फार तर एखाद्या अळीत. सगळ्या वस्तीत तोच क्रम, तोही जोडीतल्या दोन्ही गुणसूत्रांवर, अशी सारखी मोडतोड होत नाही. उलट मला खरी अडचण दुसरीच येते. एकाच जातीत काही अळ्यांचे पट्टे सुलटे आणि काहींचे उलटे असू शकतात, आपल्या माणसांत रक्तगट वेगळे असतात तसे. म्हणून नुसता फरक दिसला की नवी जात, असं मी म्हणत नाही.

काका: मग काय म्हणतेस?

पुतणी: मिश्र अळ्या मोजते. जोडीतल्या एका गुणसूत्राचा क्रम सुलटा आणि दुसऱ्याचा उलटा असला की त्या जागी गुणसूत्र फास घालतं, काचेवर लख्ख दिसतं. समजा एकाच बावखलात निम्म्या अळ्या दोन्हीकडून सुलट्या, निम्म्या दोन्हीकडून उलट्या आणि शंभरांत फासवाली एकही नाही. एकाच ठिकाणी राहतात, संध्याकाळी एकाच झाडाखाली थवे करतात, तरी आपसांत मीलन होत नाही, असाच त्याचा अर्थ. होत असतं तर निम्म्याच्या आसपास अळ्या फासवाल्या निघायला हव्या होत्या. म्हणजे त्या दोन जाती. तुमच्या आकड्यांनी हे कधीच सिद्ध होणार नाही. दोन आकडे वेगळे दिसतात एवढंच तुम्ही सांगाल. त्या दोघांत लग्न होतं की नाही, ते मी सांगते.

(इथे मी पुतणीच्या बाजूनं आहे. जाती एक की दोन, या प्रश्नाला दिलेलं याहून थेट उत्तर माझ्या तरी ऐकण्यात नाही.)

काका: हे बरोबर आहे. आता माझं ऐक. तू म्हणालीस दोन जाती. त्यांची नावं काय?

पुतणी: तेवढ्यासाठी तुम्ही आहात.

काका: थट्टा नको. आपल्याकडच्या कायरोनोमसची जुनी नावं कुठून आली? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनं गोळा केलेल्या किड्यांवर लॉरेनमधल्या बिच गावच्या एका फादरनी, किफर यांनी, लिहिलेल्या निबंधांतून. १९१० चा निबंध घे. कायरोनोमस स्ट्रायटिपेनिस त्यातलीच. पंख, पाय, मिशा, रंग. गुणसूत्रांचा ग सुद्धा नाही. ते नाव कुणाचं, हे किफरचं वर्णन आणि त्याचा नमुना ठरवणार. तुझी ग्रंथी तिथे कशाशी ताडून बघणार? शंभर वर्षांपूर्वी सुकलेल्या किड्याच्या पोटात लाळग्रंथी नाहीत, पट्टे नाहीत, अंगठ्याखाली दाबायला काहीच नाही. नर असला तर त्याच्या टोकाचे आकडे मात्र आहेत.

पुतणी: आणि कायरोनोमस रामोसस हे नाव?

काका: तेच सांगतो. पुण्याच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र विभागात बी. बी. नाथ यांच्या प्रयोगशाळेनं वर्षानुवर्षं कायरोनोमस रामोससवर काम केलं. किरणोत्साराचा मारा झाल्यावर ही अळी कसा तग धरते, यावर तुमच्या त्या ट्रॉम्बेच्या भाभा केंद्रातल्या लोकांबरोबर २००९ मध्ये निबंधही आला. सगळं उत्तम. पण ते रामोसस हे नाव १९९२ मध्ये चौधुरी, दास आणि सब्लेट यांनी भारतातल्या कायरोनोमसचा आढावा घेताना दिलं. असाच माझ्यासारखा भिंगावर वाकून आकडे रेखाटत बसलेला कुणीतरी होता, म्हणून तुम्हाला निबंधाच्या मथळ्यात घालायला नाव मिळालं.

पुतणी: नाव चुकीचं पडलं तर पुढचं सगळं घसरतं, हे मला मान्यच आहे. विषारीपणाच्या चाचण्यांसाठी ओईसीडीची जी पद्धत आहे त्यात कायरोनोमस रिपेरियस वापरतात. त्याची जवळची नातेवाईक पिगर. दिसायला जवळपास सारख्या, प्रयोगशाळेत संकरही होतो, पण काइलनंच दाखवलं की दोघींच्या डीएनएच्या प्रमाणात पाव हिश्श्याहून जास्त फरक आहे. कुणी बाटलीवर एकीचं नाव लावून दुसरी वाढवली तर?

काका: आणि आपल्या नाल्यावरच्या माणसाला याचं काय?

पुतणी: काय म्हणजे? इस्रायलमध्ये ब्रोझा आणि हाल्पर्न यांनी २००१ मध्ये कायरोनोमसच्या अंड्यांच्या पुंजक्यांवर कॉलऱ्याचे व्हिब्रिओ कॉलरी जंतू सापडल्याचं लिहिलं. साथीचाच वाण होता असं नाही. पण कुठली जात कुठल्या पाण्यात अंडी घालते, हे महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळलेलं बरं, की नको? नाल्यात एक जात आणि बावखलात दुसरी असेल, तर बावखलात फवारणी कशाला? आणि एकच असेल, तर बावखलाचं पाणीही नाल्याच्या वाटेला लागलंय, असं समजायचं.

काका: हां, ते मात्र बघायला हवं. एक अळी काढून दोघांनी बघायची म्हटलं तर काय होतं? तू ग्रंथी काढलीस की अळी मेली. तिचा नर कधी होणार नाही. मी नर होऊ दिला की त्याच्या लाळग्रंथी कोषातच विरघळून जातात. एकच प्राणी आपल्या दोघांना पुरत नाही.

पुतणी: अर्धा पुरतो. ग्रंथी काढल्यावर डोकं उरतं. मेंटम, मिशी, जबडा तुमचे. धडाच्या तुकड्यावर डीएनए बारकोड होतो. फक्त नराचे आकडे मिळत नाहीत.

काका: आणि नाव अडतं नेमकं तिथेच.

पुतणी: म्हणून पुंजका आणायचा, काका. पाण्याच्या कडेला काठीला, पानाला चिकटलेली जेलीची पुंगळी. एका मादीची शेकडो अंडी तिच्यात. सगळी भावंडं. निम्मी वाढवून चौथ्या अवस्थेत मी घेते, निम्मी तुम्ही नर होईपर्यंत ठेवा. माशांचं खाद्य घातलं की आपल्या हवेत महिन्याभरात फेरा पुरा होतो. माझ्या स्लाइडवरचे पट्टे आणि तुमच्या स्लाइडवरचे आकडे एकाच आईच्या पोरांचे.

(वाद मिटला असं मला वाटलं आणि मी चहाचा कप ठेवला. पण काकांना एक फट दिसली होती.)

काका: थांब. एका आईची पोरं घेतलीस तर तुझी ती फासवाल्यांची मोजणी गेली. भावंडांवरून वस्तीचा हिशोब लागत नाही.

पुतणी: नाहीच लागत. नावासाठी पुंजका. एक की दोन, यासाठी गाळ. गाळातून सुट्या अळ्या उचलायच्या, बावखलातून वेगळ्या, नाल्यातून वेगळ्या. दोन्हीकडून निदान पन्नास-पन्नास. सगळ्यांची डोकी तुमच्याकडे जपून.

काका: शंभर डोकी! बसवायला कॅनडा बाल्सम कोण देणार? आणि डबीवर काय लिहायचं तोवर?

पुतणी: कायरोनोमस, भुजांची जोडणी, ठिकाण, तारीख.

काका: भुजांची जोडणी म्हणजे काय नाव झालं? मी लिहितो, कायरोनोमस, रामोससच्या जवळची.

पुतणी: रामोसस लिहू नका. त्याच्या पट्ट्यांच्या नकाशाच्या फोटोशी ताडून बघेपर्यंत नाही. एकदा डबीवर लिहिलं की दहा वर्षांनी कुणीतरी ते खरं धरून चालतो.

काका: मग "जवळची" हा शब्द कशाला आहे?

पुतणी: तो कुणी वाचत नाही, काका.

काका: बरं, नुसतं कायरोनोमस. पण पुंजक्यातली दोन तृतीयांश अंडी माझी.

पुतणी: का म्हणून?

काका: माझ्या वाट्यातल्या निम्म्या माद्या निघणार. तूच म्हणालीस, अर्धी वस्ती बाद.

पुतणी: माझ्याही निम्म्या स्लाइडी अंगठ्याखाली बिघडतात. निम्मी-निम्मीच. आणि नाल्यात उतरायचं तुम्ही.